धूर मारून डेंग्यू जातो का? घोडबंदर रोडच्या एका सेक्रेटरींना उत्तर

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. घोडबंदर रोडवरची 72 फ्लॅटची सोसायटी. 6 ऑगस्टला अकराव्या मजल्यावरच्या एका मुलाला ताप आला, डेंग्यू निघाला, खासगी हॉस्पिटलात आठवडाभर राहून मुलगा बरा झाला. ‘उगाच बोभाटा नको’ म्हणून कमिटीने कुठे कळवलं नाही. पुढे 22 ते 26 ऑगस्टच्या दरम्यान आणखी तिघं तापाने पडली. मग पालिकेची माणसं आली, 50 फ्लॅट तपासले, 7 घरांत मिळून 9 ठिकाणी डासांच्या अळ्या सापडल्या. सोसायटीला नोटीस दिली आणि एकदा धूर मारून निघून गेली. सेक्रेटरींचे प्रश्न तीन आहेत. धूर रोज का मारत नाहीत? आम्ही आधी कळवलं असतं तरी काय मोठा फरक पडणार होता? आणि डास काय आम्ही पाळलेत का, नोटीस आम्हाला कशासाठी?

मी डॉक्टर आहे. ठाणे जिल्ह्यातल्या एका महापालिकेत सव्वीस वर्षं नोकरी केली. आधी नागरी आरोग्य केंद्रात, मग साथरोगाच्या कामात. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तेव्हा आता थोडं मोकळेपणाने बोलता येतं.

मधल्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर तुमच्याच तारखांमध्ये आहे. डेंग्यूच्या रुग्णाच्या रक्तात विषाणू साधारण तापाच्या आदल्या दिवसापासून पुढचे पाचेक दिवस असतो. त्या काळात एडिस जातीच्या डासाची मादी त्याला चावली की विषाणू तिच्या पोटात जातो. ती लगेच कुणाला आजारी करू शकत नाही. विषाणू तिच्या लाळेपर्यंत पोहोचायला आठ ते बारा दिवस लागतात. त्यानंतर ती ज्याला चावेल त्याला चार ते दहा दिवसांनी ताप येतो. आता बेरीज करा. 6 ते 10 ऑगस्टला डास त्या मुलाला चावले, 14 च्या पुढे ते इतरांना आजार द्यायला तयार झाले, आणि नवे ताप साधारण 18 ऑगस्टच्या आधी दिसणं कठीणच होतं. तुमचे तिघं 22 ते 26 मध्ये पडले. म्हणजे हे तिघं बाहेरून कुठून तरी आजार घेऊन आलेले नाहीत, बहुतेक तुमच्याच इमारतीतल्या डासांनी त्यांना तो दिला. हेच चौघं 6 ते 9 ऑगस्टच्या दरम्यान एकदम आजारी पडले असते, तर मी म्हटलं असतं की यांना एकमेकांपासून झालेला नाही, आधीचा कुणीतरी रुग्ण शोधा.

म्हणजे मधले आठ दिवस तुमच्या हातात होते. फार मोठं काही करायचं नव्हतं. त्या मुलाचं घर आणि आजूबाजूची घरं, घरात शिरून एकदा औषधफवारणी, इमारतीतलं साठलेलं पाणी रिकामं, आणि मुलगा ताप असेतोवर मच्छरदाणीत. एवढ्याने तिघंही वाचले असते असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण एखाद-दुसरा नक्कीच टळला असता.

साथरोगाच्या कामात आम्ही सगळ्यात जास्त काय केलं असेल तर तारखा लिहिल्या. लोकांना वाटतं आम्ही औषधं वाटतो, फवारतो, लस टोचतो. ते करतोच. पण काय फवारायचं आणि कुठे, हे ठरतं एका रेघांच्या वहीत, जिला आम्ही लाईन लिस्ट म्हणतो. नाव, वय, पत्ता, लक्षण कोणत्या दिवशी सुरू झालं, पाणी कुठलं पितो, कुठे कामाला जातो. दिसायला रटाळ. माझी ही वही एकदा दोन दिवस चुकीची भरली गेली होती, ते प्रकरण सांगते, कारण त्यातून बाकीचं सगळं कळेल.

पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. गावठाणाला लागून वाढलेली चाळवजा वस्ती, खाडीच्या अलीकडची की पलीकडची ते सांगत नाही. सोमवारी सकाळी ओपीडी उघडली तर जुलाब-उलट्यांचे अकरा पेशंट, सगळे त्याच वस्तीतले. वस्तीत शनिवारी रात्री एका घरी हळद होती. आपल्याकडची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठं जेवण, सगळी वस्ती तिथे. येणारा जो तो सांगत होता, हळदीत जेवलो आणि बाधलं. मलाही ते पटलं. रजिस्टरवर मी स्वतःच्या अक्षरात ‘अन्नविषबाधा’ लिहिलं, उरलेल्या मटणाचा नमुना पाठवला आणि आचाऱ्याला शोधायला माणूस धाडला. मंगळवारी आणखी एकोणीस पेशंट आले. तरी माझी गाडी हळदीवरच.

आमच्याकडे एक जुन्या सिस्टर होत्या, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेल्या. मंगळवारी दुपारी ओआरएसची पाकिटं मोजता मोजता त्या म्हणाल्या, “मॅडम, त्या बाईच्या कडेवरचं आठ महिन्यांचं पोर हळदीत काय जेवलं हो?”

मी पेन खाली ठेवलं. पोराला जुलाब होते, आणि त्याने मटण खाल्लेलं नव्हतं. पाजताना आई पाणी मात्र देत होती.

मग वही पहिल्यापासून भरली. प्रत्येकाला एकच प्रश्न: पहिला जुलाब कोणत्या दिवशी, किती वाजता? दोघांना शुक्रवारी संध्याकाळीच सुरू झालं होतं, म्हणजे हळदीच्या आदल्या दिवशी. चौकटीच्या वहीत एका रुग्णाला एक चौकोन असं आम्ही तारखांवर रचत गेलो. एका जेवणातून बाधा झाली की हे चौकोन एका ठिकाणी मनोऱ्यासारखे उभे राहतात, आणि एक-दोन दिवसांत संपतात. आमचे चौकोन शुक्रवारपासून रोज थोडे थोडे वाढत होते, थांबायचं नाव नाही. हे पाण्याचं लक्षण. लोक रोज पितायत आणि रोज आजारी पडतायत.

मग वस्तीचा कच्चा नकाशा काढला. तीन ओळी घरांच्या, आजारी जवळजवळ सगळे खालच्या ओळीत. त्यातही बायका आणि लहान मुलं जास्त. पुरुष कमी, कारण ते दिवसभर कंपनीत, पाणी तिथलं. लंडनमध्ये 1854 साली जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने ब्रॉड स्ट्रीटच्या हातपंपाभोवती कॉलराचे मृत्यू असेच नकाशावर मांडले होते. तोवर कॉलरा दूषित हवेने होतो अशीच समजूत होती. प्रत्येक साथरोगवाल्याला ही गोष्ट पाठ असते. तरी वस्तीतली हळद समोर आली की आम्ही ती विसरतो.

पाण्याची ओटी टेस्ट घेतली. काचेच्या नळीत पाणी, त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. नळाला येणाऱ्या पाण्यात लिटरमागे निदान 0.2 मिलीग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा. आम्ही अकरा वाजता गेलो, लोकांनी पिंपातलं पाणी दिलं, काहीच रंग नाही. पण पिंपात तासन् तास राहिलेल्या पाण्यातला क्लोरीन तसाही उडून जातो, त्यातून काय सिद्ध होणार? पाणी यायचं पहाटे साडेचारला, तासभर. म्हणून बुधवारी पहाटे चारला मी, सिस्टर आणि पाणी खात्याचा एक फिटर नळाशी उभे.

पाणी यायच्या आधी आवाज आला. घूंऽऽ असा, एकेका घरातून. सगळ्यांनी मोटारी चालू केल्या होत्या, सरळ नळाच्या लाईनला लावलेल्या. वरच्या ओळीच्या नळाला नळी धरली, पाणी लिंबासारखं पिवळं. खालच्या ओळीच्या नळाला धरली, पहिली दोन मिनिटं गढूळ पाणी आलं, नंतर स्वच्छ दिसायला लागलं, पण थेंब टाकले तरी ढिम्म. रंग नाही. फिटरने नाकाजवळ नेलं आणि नुसतं माझ्याकडे बघितलं.

खालच्या ओळीची अर्ध्या इंचाची लोखंडी लाईन गटारातून गेली होती. एका ठिकाणी गंजून खाल्लेली, आणि त्यावर कुणीतरी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. पाइपात पाण्याचा दाब असेल तर भोकातून पाणी बाहेर गळतं, आत काही शिरत नाही. पण तेवीस तास पाइप रिकामा, आणि चोविसाव्या तासाला वीस मोटारी तो ओढतायत. मग गटार आत ओढलं जाणारच. यात पाइप गटारातून नेणाऱ्याची चूक, तो न बदलणाऱ्या खात्याची चूक, मोटार लावणाऱ्यांची चूक. आणि सोमवार-मंगळवार ही माझी चूक. हळदीवाल्या घराशी तोवर लोक बोलेनासे झाले होते, ते वेगळंच.

पुढचं काम सोपं होतं. त्या ओळीचं पाणी बंद, टँकर चालू, टँकरमध्ये टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकून नळीने तपासायचं, घरोघर मेडिक्लोर या क्लोरीनच्या औषधाच्या बाटल्या, आणि आशाताईंनी रोज सकाळी दारात जाऊन विचारायचं: नवीन कुणाला? ओआरएस घरातच तयार ठेवायला लावलं, कारण जुलाबात माणूस दगावतो तो अंगातलं पाणी संपून, आणि लहान मुलाच्या बाबतीत हे काही तासांत होतं. दोघांच्या शौचाच्या नमुन्यात कॉलराचे जंतू वाढले. खरं तर जास्त नमुन्यांत मिळाले असते, पण बऱ्याच जणांना गल्लीतल्या डॉक्टरांनी आधीच अँटिबायोटिक सुरू केलं होतं, मग जंतू कशाला सापडतायत? टँकर सुरू झाल्यावर दोन दिवसांनी चौकोन कमी व्हायला लागले. नवा पाइप गटाराच्या वरून गेला. कुणी दगावलं नाही.

तुमच्या डेंग्यूशी याचा संबंध काय? मी हळदीमागे लागले होते तसे तुम्ही धुरामागे लागला आहात.

धूर मारताना काय होतं ते बघा. मशीनचा आवाज आला की लोक खिडक्या लावून घेतात. एडिसचा डास बसतो कुठे? घराच्या आत, पडद्यामागे, पलंगाखाली, खुंटीवर लटकलेल्या कपड्यांत. म्हणजे धूर बाहेर, डास आत. शिवाय धुराने मरतो तो उडता डास. पाण्यातल्या अळीला त्याचं काही नाही, आणि अंड्यातून डास बाहेर पडायला आपल्याकडच्या पावसाळी हवेत आठ-दहा दिवस पुरतात. आज मारलेल्या डासांची जागा पुढच्या आठवड्यात भरून निघते. रुग्णाच्या घराभोवती, विषाणू पोटात घेऊन फिरणारा डास मारायला फवारणीचा उपयोग आहे, आणि तीही घरात शिरून. पूर्ण कॉम्प्लेक्सला रोज धूर ही मागणी मात्र मला कधी पटली नाही. पण धूर सगळ्यांना दिसतो. आम्ही गच्चीवर जाऊन ताडपत्रीच्या सुरकुतीतलं पाणी सांडलं तर ते कुणाला दिसत नाही, त्याचा फोटोही कुणी काढत नाही. पालिकासुद्धा कधी कधी लोकांच्या समाधानासाठीच धूर मारते, हे मी आता कबूल करते.

आता नोटीस. तुमच्याकडे 50 घरांपैकी 7 घरांत अळ्या म्हणजे शंभरात चौदा, आणि 9 भांडी म्हणजे शंभर घरांमागे अठरा. हे दोन आकडे आम्ही दर वेळी काढतो. पण त्याहून महत्त्वाची असते यादी, की अळ्या कशात सापडल्या. एडिस मादी नाल्यात अंडी घालत नाही. तिला स्वच्छ, साचलेलं, सावलीतलं पाणी लागतं, आणि ते थोडंसं असलं तरी चालतं. मनी प्लांटची बाटली. कुंडीखालची ताटली. फ्रिजच्या मागचा ट्रे, जो कित्येकांना आपल्या फ्रिजला आहे हेच माहीत नसतं. स्टॅक पार्किंगचा खड्डा. आणि ऑगस्टमध्ये हमखास, गणपतीच्या मंडपाची ताडपत्री. तुमच्या नोटिशीवर कमिटीच्या ऑफिसमधली बांबूची बाटली लिहिलेली असेल तर मला अजिबात आश्चर्य वाटणार नाही.

ही मादी फार लांब उडत नाही, शंभर-दोनशे मीटरच्या आसपासच आयुष्य काढते. म्हणून तुमच्या इमारतीत चावणारा एडिस बहुतेक तुमच्याच आवारात जन्मलेला असतो. पाळलेला नसेल, पण वाढलेला तुमच्याकडेच. शेजारी बांधकाम चालू असेल तर मात्र तिकडेही बोट दाखवा. लिफ्टचे खड्डे आणि स्लॅबवर भरून ठेवलेलं पाणी यात एडिसही होतो आणि मलेरियाचा शहरी डास, ॲनोफिलिस स्टीफन्सी, तोही होतो. घोडबंदर पट्ट्यात टॉवर उभे राहत होते तेव्हा बांधकाम मजुरांच्या झोपड्यांत रक्तनमुने घेत फिरणं हे आमचं पावसाळ्यातलं नेहमीचं काम होतं.

पाणी नुसतं ओतून भागत नाही, भांडं घासायचं असतं. एडिसची अंडी पाण्याच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात, शाईच्या बारीक टिंबांसारखी. ती सुकली तरी महिनोन् महिने जिवंत राहतात. तुम्ही पिंप रिकामं करून पुन्हा भरता, पाणी त्या टिंबांपर्यंत चढतं आणि अळ्या तयार. म्हणून कोरडा दिवस, म्हणजे आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करायचा दिवस, म्हणतो तेव्हा घासणी फिरवा असं आम्ही घसा फोडून सांगतो. आठवड्यातून एकदाच का? कारण अंड्यातून डास व्हायला आठवड्यापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो, तो पुरा होऊ द्यायचा नाही. अळ्या ओळखायला टॉर्च पुरे. उजेड पडला की वळवळत खाली पळतात. जे पाणी रोजचं आहे आणि ओतता येत नाही, त्यात आमची माणसं ॲबेट हे अळ्या मारणारं औषध टाकतात किंवा शोभेच्या टाक्यांत गप्पी मासे सोडतात.

तापाबद्दल चार ओळी, कारण सोसायटीच्या ग्रुपवर सगळे प्लेटलेटचे आकडे टाकत असतील. डेंग्यूत धोक्याचा काळ बहुतेक वेळा ताप उतरताना येतो, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. ताप गेला म्हणून घरचे निवांत होतात, आणि पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं, पेशंट मलूल पडणं, यातलं काही दिसलं तरी ‘अशक्तपणा आहे’ म्हणतात. यातलं एकही दिसलं की हॉस्पिटल, मग प्लेटलेट कितीही असोत. तापाला पॅरासिटामॉल. ब्रूफेन, ॲस्पिरिन नको. पपईच्या पानांच्या रसावरून मी भांडत नाही, पण त्यापायी डॉक्टरकडे जायला उशीर करू नका.

आणखी एक तक्रार नेहमी येते, की पालिका आकडे दडवते. कधी कुठे दडवले गेले नसतील असं मी म्हणणार नाही. पण बऱ्याच वेळा भानगड वेगळी असते. खासगी लॅबमध्ये पंधरा-वीस मिनिटांत होते ती कार्ड टेस्ट. ती पॉझिटिव्ह आली तरी सरकारी हिशोबात रुग्ण संशयितच राहतो. पहिल्या पाच दिवसांत एनएस1 आणि त्यानंतर आयजीएम, या एलायझा पद्धतीने झालेल्या तपासण्याच निश्चित निदान म्हणून धरतात. तुमचे चौघं तुमच्यासाठी चार, रजिस्टरवर कदाचित एक निश्चित आणि तीन संशयित. कामाच्या दृष्टीने फरक नसतो, किंवा नसायला हवा. संशयिताच्या घरीही माणूस गेलाच पाहिजे.

आता कळवण्याबद्दल, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त बोचलं ते ‘बोभाटा’. रोगाची माहिती गोळा करायची व्यवस्था 2004 मध्ये सुरू झाली आणि टप्प्याटप्प्याने देशभर पोहोचली, एकात्मिक रोग सर्वेक्षण नावाची. घरोघर फिरणारी सिस्टर लक्षणं कळवते, डॉक्टर संशय कळवतो, लॅब निदान कळवते. या आठवड्याचा आकडा मागच्या वर्षांच्या याच आठवड्याशी ताडून बघायचा, आणि नेहमीपेक्षा जास्त दिसला की उठायचं. कागदावर छान. पण शहरात बहुतेक माणसं जातात खासगी डॉक्टरकडे, आणि तिथे हा धागा तुटतो. ज्या गल्लीतला एखादा जनरल प्रॅक्टिशनर फोन उचलून सांगायचा, “मॅडम, आज काविळीचा चौथा आला, सगळे एकाच बिल्डिंगचे,” त्या गल्लीत आम्ही वेळेवर पोहोचायचो. असे डॉक्टर माझ्या भागात चार-पाच होते. सरकारी फॉर्मपेक्षा त्यांच्या फोनवर मी जास्त जगले. पुढे त्यांतला एक जरी दवाखाना बंद झाला की मला धास्ती वाटायची.

लोक लपवतात, याला इतिहास आहे. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला डॉ. अकासियो व्हिएगास यांनी प्लेग ओळखला. पुढच्याच वर्षी साथरोगाचा कायदा आला, अवघ्या चार कलमांचा. त्याच्या जोरावर घरांत शिरून झडत्या झाल्या, माणसं उचलून नेली, सामान जाळलं. पुण्यात तर सोल्जर घरात शिरले आणि 22 जून 1897 ला प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. लोक पेशंट लपवायला लागले, प्रेतंसुद्धा लपवायला लागले, आणि प्लेग आणखी पसरला. तोच कायदा 2020 मध्ये करोनात वापरला गेला. तेव्हा आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्याला शिक्षेची तरतूद त्यात घातली, कारण आमच्या माणसांवर दगड पडत होते. दारावर कागद चिकटवला, गल्लीला बांबू बांधले की माणूस खोकला दाबून ठेवतो, हे त्या दोन वर्षांत मी रोज बघितलं. म्हणून माझ्या टीमला मी सांगायचे, रुग्णाच्या दाराशी उभं राहून मोठ्याने नाव घ्यायचं नाही, आणि पेशंटची यादी सेक्रेटरीला द्यायची नाही. तुम्हीही ग्रुपवर त्या मुलाचं नाव टाकू नका. ‘बिल्डिंगमध्ये डेंग्यूचा रुग्ण आहे, शनिवारी कोरडा दिवस’ एवढं पुरतं.

गोवरात हे कळवणं आणखी लवकर लागतं. 2022 मध्ये गोवंडीत आणि भिवंडीत गोवर पसरला तेव्हा दिसलं, की पुरळ येण्याच्या चार दिवस आधीपासून मूल इतरांना आजार देत असतं. म्हणजे पुरळ बघून कळवेपर्यंत उशीर झालेलाच असतो. मग निदान संपर्कातल्या मुलांना बहात्तर तासांच्या आत लस मिळावी अशी धावपळ. त्या वेळी साथीच्या भागांत सहा महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस दिला, एरवी पहिला डोस नवव्या महिन्यात असतो. वस्तीत नकार देणाऱ्या आईशी वाद घालून काही होत नाही. तिच्या सासूशी बोलावं लागतं.

लेप्टोचं, म्हणजे तुंबलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचं, तुम्हाला एवढंच: 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलीमीटर पाऊस पडला आणि पुढच्या आठवड्यांत लेप्टोचे ताप सुरू झाले. तुमचे वॉचमन किंवा सफाईवाले तुंबलेल्या पाण्यातून चालले असतील, पायाला जखम असेल, तर बहात्तर तासांच्या आत त्यांना आरोग्य केंद्रात पाठवा. डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या तिथे मिळतात. कुणाला द्यायच्या, कुणाला नाही, हे डॉक्टर ठरवतील, गर्भवतींना आणि लहान मुलांना त्या चालत नाहीत.

शेवटी तुमच्या पत्रात एक आकडा होता ज्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाही. 72 पैकी 50 घरं तपासली. मग 22 घरं? मला अंदाज आहे, कुलूप. मालक दुबईला, पुण्याला, किंवा फ्लॅट गुंतवणुकीचा. आमच्या माणसांची वही तिथे ‘बंद’ अशी नोंद करून पुढे जाते, आणि नेमक्या त्याच घरात बाल्कनीतल्या रिकाम्या कुंड्यांत जूनपासून पाऊस साठलेला असतो. तुमच्या कमिटीला या मालकांचे फोन माहीत असतात, पालिकेला नसतात. पुढच्या शनिवारी मालकाला सांगून, दोन साक्षीदार घेऊन किल्ली मागवा. कुंड्या नंतर बघा. आधी संडासात जा आणि फ्लशच्या टाकीचं झाकण उचलून आत टॉर्च मारा.